कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

कुपवाड, सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री नव्या मशीनच्या कर्जाचा विषय निघाला आणि तू ताटावरून उठलास. समोरासमोर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहिते. कर्ज घेऊ नको असं मी म्हणत नाही. आहे ते मशीन दिवसातून खरोखर किती वेळ माल काढतं, ते आधी बघ, एवढंच म्हणते.

बावीस वर्षं मी या वर्कशॉपचे हिशेब लिहितेय. भंगारवाल्याची पावती आली की जमेला लिहायची आणि मला बरं वाटायचं. मग एकदा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाल्याने बाद ठरलेल्या एका जॉबचा हिशेब मांडला. कास्टिंगची किंमत, वीज, कापायचे इन्सर्ट, मजुरी सगळं त्यात घातलेलं, आणि भंगारात त्याचे आले किती, तर कास्टिंगचेही निम्मे नाहीत. तेव्हापासून रिजेक्शनचं पान वेगळं केलं. पण भंगार निदान काट्यावर चढतं. खरं मोठं नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

2019 चा ऑगस्ट आठव. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 असताना. गावभागातल्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये आपले तयार फ्लँज, पाइप जोडायच्या त्या चकत्या, बुडाले, गंजले. सगळे म्हणाले, पुराने नेलं. मी चलनं काढून बघितली. ऑर्डर 400 ची होती आणि आपण 600 केले होते. वरचे 200 कुणी मागितलेच नव्हते. मग केले कशाला? एका जॉबवरून दुसऱ्या जॉबसाठी मशीनची सेटिंग बदलायला साडेतीन तास लागायचे, म्हणून एकदा लागलंय तर काढून ठेवू, असं चालायचं. त्या 200 वर गुंतलेला पैसा, गोडाऊनचं भाडं, टेम्पोच्या फेऱ्या, सगळं त्या साडेतीन तासांमुळे. पाणी शेवटी आलं.

टोयोटा मोटार कंपनीची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो वाया जाण्याचे सात प्रकार सांगत, आणि गरजेपेक्षा जास्त माल काढणं त्यात सगळ्यात वाईट मानत, कारण साठा, ने-आण, सदोष माल झाकला जाणं हे सगळं त्यातूनच निघतं. तुला हे कॉलेजात शिकवलं असेल. मला ते गोडाऊनमधला चिखल उपसताना कळलं.

त्याच टोयोटात 1,000 टनी प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला चार तास लागत. 1970 च्या सुमारास जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते काम तीन मिनिटांवर आणलं. मशीन बंद असतानाच करता येतं ते कोणतं आणि चालू असताना आधीच उरकता येतं ते कोणतं, हे त्यांनी वेगळं काढलं. पुरानंतर तुझ्या बाबांनी तेच केलं. पुढचा जॉब पकडायचे जॉ, टूल, गेज, पाने आधीच ट्रॉलीवर लावून ठेवायचे. जॉब धरणाऱ्या फिक्स्चरखालच्या प्लेटला जागा पक्की करणाऱ्या दोन लोकेटिंग पिना बसवल्या, म्हणजे दरवेळी डायल गेज लावून मध्य शोधणं नको. साडेतीन तासांचं काम 55 मिनिटांवर आलं. मग लहान लॉट परवडू लागले आणि गोडाऊन सोडता आलं.

बाबा गेल्यावर ते हळूहळू सुटलं. दोष तुझा एकट्याचा नाही, माझंही लक्ष नव्हतं. मागच्या महिन्याचं प्रॉडक्शन रजिस्टर परवा मी पूर्ण वाचलं. तीन तासांच्या आतली एकही सेटिंग नाही. आठवड्याला चार धरल्या तर बारा तास, म्हणजे दीड शिफ्ट मशीन उभं. शिवाय पहिला पीस पास होईपर्यंतची वाट वेगळीच. दुसरं मशीन आणलंस तर तेही तसंच उभं राहील, आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाईल.

ओनो माणसाला शॉपमध्ये खडूच्या वर्तुळात उभं करून तासन्‌तास बघायला लावत. तूही आठ दिवस उभा राहा. मोबाइल ऑफिसात ठेव. पाना आणायला कोण किती वेळा उठतं, जॉब किती वेळा उचलून खाली ठेवला जातो, लिहून काढ. कुणावर ओरडू नको. आणि हो, सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसात होते, सगळं बंद असताना कॉम्प्रेसर सारखा चालू होत होता. हवेची लाइन कुठेतरी गळतेय, साबणाचं पाणी लावून बघ.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वाचलेल्या वेळात एक माणूस कमी करता येईल, हा हिशेब मनात आणू नको. एकाला काढलंस की वेळ कुठे जातो ते तुला कुणी सांगणार नाही. ट्रॉलीची कल्पना बाबांची नव्हती, ऑपरेटरची होती.

सोमवारी पहिल्या शिफ्टला सेटिंग आहे, तिथून सुरू कर. रजिस्टर टेबलाच्या डाव्या कप्प्यात आहे, पानांना खुणा घातल्यात. आठ दिवसांनी तुझे आकडे घेऊन बस माझ्यासमोर. तरीही मशीन कमी पडतंय असं दिसलं, तर मी सही करेन आणि घराचे कागदही काढून देईन.

सोमवारपासून डब्यात एक भाकरी जास्त घालते. दिवसभर उभं राहायचंय.

तुझी,
आई