पियानो शिकवणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

नागपूर

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण लगेच विषय बदलता आणि पुढच्या बारवर, म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेषांमधल्या तुकड्यावर, पेन्सिल टेकवता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, चाळिशी उलटल्यावर पियानोसमोर बसलेल्या आणि थोरामोठ्यांच्या अवघड रचनांचा ध्यास घेतलेल्या माणसाला कसे शिकवावे, याची आपली रीत या शहरातल्या आणखी काही जणांना कळावी, असे मला मनापासून वाटते. पोलिश संगीतकार शोपाँ याची ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ ही पियानोरचना मी गेल्या महिन्यात सदर भागातल्या आपल्या बैठकीच्या खोलीत पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत न थांबता वाजवली. वाजवणारा बँकेची नोकरी सांभाळून शिकणारा हौशी माणूस होता. रचना मात्र मूळ होती, एकही स्वर न गाळलेली. हे केवळ आपल्यामुळे झाले.

मी आपल्याकडे आलो तेव्हा माझ्या गाठीशी पेटीची काही वर्षे होती. पेटीवर उजवा हात वाजवतो आणि डावा भाता मारतो. आवाज लहानमोठा करायचा तो भात्याच्या दाबाने, बोटाच्या जोराने नव्हे. माझी ही पार्श्वभूमी आपण अडचण मानली नाहीत. पहिल्याच दिवशी आपण आपल्या उभ्या पियानोची पुढची फळी काढून ठेवलीत आणि एक पट्टी अगदी हळू दाबायला सांगितलीत. हातोडा तारेकडे सरकला, तारेच्या अगदी जवळ जाऊन सुटला आणि आवाज न करता मागे पडला. मग तीच पट्टी आपण झटक्यात दाबलीत आणि स्वर खणखणीत उमटला. हातोडा तारेला लागण्यापूर्वीच पट्टीच्या ताब्यातून सुटलेला असतो, त्यामुळे स्वर किती मोठा यायचा ते पट्टी किती वेगाने खाली गेली यावरच ठरते आणि त्यानंतर तो मोठा करण्याचा कोणताही उपाय वाजवणाऱ्याकडे उरत नाही, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसले. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास जमवलेली ही यंत्रणा आहे, असेही आपण सांगितलेत. पट्टीला स्पर्श करण्याआधी स्वर मनात ऐकायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

दुसरी गोष्ट जर्मन संगीतकार बाखची. मला थेट शोपाँ हवा होता आणि आपण माझ्यासमोर बाखची दोन सुरावटींची इन्व्हेन्शन्स, म्हणजे छोट्या रचना, ठेवलीत. या रचनांत डावा हात साथीला नसतो. उजव्याने म्हटलेले वाक्य तो तसेच्या तसे पुन्हा म्हणतो, आणि दोघांचा मान सारखा असतो. इतकी वर्षे भाता मारलेल्या हाताला यापेक्षा योग्य सुरुवात दुसरी नसेल. बाखने १७२३ मध्ये या पंधरा आणि तीन सुरावटींच्या आणखी पंधरा रचना एकत्र लिहून काढल्या, तेव्हा मुखपृष्ठावर त्या वाद्याच्या चाहत्यांसाठी, विशेषतः शिकू इच्छिणाऱ्यांसाठी असल्याचे नोंदवले, आणि गाण्यासारखे वाटेल असे वादन साधणे हा त्यांचा एक हेतू सांगितला, हे आपण मला समजावून दिलेत. हौशी माणसाला एवढ्या मोठ्या संगीतकाराने आपल्या हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर जागा दिली आहे, ही गोष्ट मी फार जपून ठेवली आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी एके ठिकाणी मला सांगण्यात आले होते की, या वयात मूळ रचनांच्या मागे लागू नये, बाजारात त्यांची सोपी रूपांतरे मिळतात, घरच्यांना ऐकवण्यापुरती तेवढी पुरेत. आपले मत याच्या नेमके उलट. सोप्या केलेल्या रचनेतून नेमके तेच काढून टाकलेले असते ज्यासाठी ती शिकायची, असे आपण म्हणालात, आणि आज मी स्वतःच्या अनुभवावरून त्याला पूर्ण दुजोरा देतो. मूळ रचना शिकायला मला कितीतरी अधिक काळ लागला, पण त्या काळात मी रचनेच्या आतच राहत होतो.

अवघड रचना सगळीकडे सारखी अवघड नसते, ही आपली शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते. नवी रचना हाती घेतली की आपण ती वाजवू देत नसा. आधी नोटेशन घेऊन बसायचे, अडतील असे बार पेन्सिलीने खुणावायचे आणि प्रत्येक खुणेशेजारी अडचण कशाची आहे ते लिहायचे: हात लांब न्यायचा आहे, अंगठा खालून काढायचा आहे, की दोन्ही हातांची लय वेगळी आहे. मग रियाज तेवढ्या बारांपासून सुरू करायचा, तोही शेवटच्या खुणेपासून उलट दिशेने. बोटांचे आकडे एकदा ठरले की बदलायचे नाहीत, कारण प्रत्येक वेळी वेगळी बोटे पडली तर हाताच्या लक्षात काहीच राहत नाही. संपूर्ण रचनेची लय किती ठेवायची, ते तिच्यातल्या सर्वांत कठीण बारवर सोडायचे. तो बार ज्या लयीत निर्धास्तपणे जातो ती आपली आजची लय. मोठमोठ्या वादकांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांच्या वेगामागे धावणाऱ्या माझ्यासारख्याला हा नियम आधी जाचक वाटला आणि पुढे त्यानेच मला तारले.

बीथोवनच्या ‘पॅथेटिक’ सोनाटाच्या, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या पियानोरचनेच्या, वेळी या रीतीचा पहिला मोठा पडताळा आला. १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सोनाटाच्या पहिल्या भागात संथ प्रस्तावनेनंतर डावा हात एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर आळीपाळीने, न थांबता वाजवत राहतो, आणि थोड्याच वेळात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा होतो. आपण माझ्या कोपराखाली आपला तळहात धरलात आणि बोटे उचलू न देता, कुलपात किल्ली फिरवावी तसा फक्त पुढचा हात डावीउजवीकडे फिरवायला लावलात. हात दुखू लागला तर ताबडतोब थांबायचे, दुखत असताना केलेला रियाज हा रियाजच नव्हे, हेही आपण निक्षून सांगितलेत. दिवसभर संगणकावर बसून मनगटे आखडलेल्या माणसासाठी ही ताकीद फार महत्त्वाची होती, आणि नोकरी करून वाजवणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी.

खरा कस लागला तो शोपाँपाशी. त्याने ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ १८३४ मध्ये केली, पण हयातीत छापली नाही. अप्रकाशित रचना नष्ट कराव्यात अशी त्याची इच्छा असूनही त्याचा मित्र युलियान फोंताना याने ती १८५५ मध्ये, शोपाँच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, प्रसिद्ध केली. फोंतानाचे हे वागणे योग्य की अयोग्य याबाबत आपले आणि माझे मत जुळत नाही. मला तर त्याचेही आभार मानावेसे वाटतात. रचनेचा स्वर सी शार्प मायनर, म्हणजे आम्हा पेटीवाल्यांची काळी एक. प्रत्येक मात्रेत उजवा हात चार स्वर वाजवतो आणि त्याच मात्रेत डावा तीन. त्यातही उजव्या हाताच्या पहिल्याच प्रवेशाला आधी एक छोटा विराम आहे, त्यामुळे समेवर डावा एकटाच असतो आणि उजव्याला ती सम हुकवून आत शिरावे लागते.

आपण पियानोचे झाकण बंद केलेत आणि त्यावर मला ठोके द्यायला लावलेत. एका मात्रेचे बारा भाग कल्पायचे. उजव्याने पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या भागावर ठोका द्यायचा, डाव्याने पहिल्या, पाचव्या आणि नवव्यावर. तबल्याच्या साथीला बसल्यामुळे दीडपट आणि पाऊणपट लय मला कानाने ओळखीची होती, परंतु दोन लयी एकाच शरीराने एकाच वेळी धरण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. आपण हा हिशेब केवळ विलंबित लयीपुरता ठेवलात, हे आपले शहाणपण. लय चढली की बारा मोजायला अवधीच मिळत नाही. तेव्हा दोन्ही हात आपापल्या चालीने इतके पक्के व्हायला हवेत की त्यांनी केवळ मात्रेच्या सुरुवातीला एकत्र यावे आणि मध्ये एकमेकांची चौकशी करू नये. म्हणून कित्येक आठवडे आपण मला एकेका हाताचाच रियाज दिलात, आणि डाव्याचा उजव्यापेक्षा जास्त. एका संध्याकाळी दोन्ही हात एकत्र आणायला सांगितलेत आणि त्याच वेळी माझ्याशी मार्चअखेरच्या कामांबद्दल बोलत राहिलात. मी उत्तरे देत होतो आणि हात चालू होते. लय अंगात उतरल्याची ही परीक्षा होती, हे नंतर लक्षात आले.

मधला संथ भाग वाचायला सोपा आहे, म्हणून बहुतेक हौशी वादक तो भराभर उरकतात. आपण त्यालाच अधिक वेळ दिलात. त्यातली सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिला वेगळे म्हणणे असावे लागते. ती मला आधी गाऊन दाखवायला लावलीत, कुठे श्वास घेतला तेथे पेन्सिलीने स्वल्पविराम केलात आणि स्वर लांबवणारे पायाखालचे पेडल त्या जागी उचलायला सांगितलेत. मग रचनेच्या अखेरीस तीच सुरावट खालच्या सप्तकात डाव्या हाताकडे येते आणि उजवा वर नुसती साथ करतो. तेथे आपण एवढेच म्हणालात, “आता हा गाईल.” ज्या हाताने इतकी वर्षे फक्त हवा भरली त्याच्याकडे गाणे यावे, याचा आनंद मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

माझ्या वाद्याचेही आपण पालकत्व घेतलेत, त्याचा उल्लेख राहू नये. आपल्या नागपूरचा उन्हाळा पियानोला सोसवत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकडी साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, आक्रसतो आणि स्वर उतरतात. पावसाळा लागला की तेच लाकूड ओल धरून फुगते आणि स्वर चढतात. त्यातून घरोघरी वाळ्याचा कूलर, म्हणजे कोरड्या हवेत अचानक ओलाव्याचा झोत. मी जुना उभा पियानो विकत घेतला तेव्हा आपण धरमपेठेतल्या माझ्या घरी भर उन्हात आलात, कूलरच्या झोतात आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून वाद्य ठेवू दिले नाहीत, आणि सव्वादोनशेच्या आसपास तारांचे हे वाद्य पावसाळा पुरता सरल्यावर, हवा स्थिर झाल्यावरच ट्यून करून घ्यावे हे बजावलेत. ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो आणि एका घरासाठी तो येत नाही, म्हणून ओळखीच्या पियानोवाल्या घरांची यादी करून सर्वांची कामे एकाच फेरीत बसवण्याची खटपटही आपण दरवर्षी करता. त्याबद्दल आपल्याला कोणी काही देत नाही, आणि बहुतेक कोणी बोलूनही दाखवत नाही.

वर्षअखेरच्या गडबडीत बँकेतून उशीर झाला तरी आपण माझी वेळ राखून ठेवलीत, शाळकरी विद्यार्थ्यांच्या घरगुती कार्यक्रमात त्यांच्याइतक्याच गांभीर्याने माझे नाव घेतलेत, आणि माझ्या वादनातले जे चांगले नव्हते ते प्रत्येक वेळी स्पष्टपणे सांगितलेत. हौशी म्हणून मला सूट दिली नाहीत, याबद्दल मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे.

आपण सुचवल्याप्रमाणे आता बाखच्या तीन सुरावटींच्या रचना हाती घेतल्या आहेत. नववी, एफ मायनरमधली, वाचून काढली. मधली सुरावट कोणत्या हाताकडे कधी जाते ते रंगीत पेन्सिलीने खुणावले आहे आणि पहिल्या पानावर बोटांचे आकडे लिहिले आहेत. गुरुवारी घेऊन येतो, तपासून द्यावेत ही विनंती.

घरातील सर्वांना नमस्कार.

आपला विद्यार्थी