खुल्या व्यायामशाळेला सोबतही हवी

महोदय,

बागांमध्ये खुल्या व्यायामशाळा झाल्या, पण येणारे बहुतेक जण कानात इअरफोन घालून एकेकटेच फिरतात. उदास मनाला व्यायामाइतकीच, कुणीतरी आपली वाट पाहतंय याचीही गरज असते. म्हणून एकत्र चालणारे गट करावेत. गट सहा ते आठ जणांचाच असावा. पंधरा झाले की गैरहजेरी कुणाच्या लक्षातच येत नाही. सुरुवातीला दहाच मिनिटं चालावं, मग वाढवत ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटं त्यात भरतात. वेग इतकाच, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

गट मोडतात ते बहुधा पावलं मोजण्याच्या चढाओढीत. मागे पडलेला ओशाळतो आणि येणंच सोडतो. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं. सलग दोन दिवस कुणी दिसलं नाही, तर ग्रुपवर विचारणा नको, थेट फोन करावा. 'का आला नाहीत?' असा जाब न विचारता 'उद्या फाटकाशी थांबतो' एवढंच म्हणावं.

उदासीवरच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी भर उन्हात घाम गाळणं टाळावं; शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो बागेच्या फाटकावर रंगवायला पालिकेला एक डबा रंग पुरेल.

– एक व्यायामशिक्षक