नोट्स न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

येत्या जूनमध्ये तुम्ही निवृत्त होताय असं विभागातल्या काकांकडून कळलं. हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं, पण उघडच लिहायचं ठरवलं. तुमच्या शिकवण्याबद्दल विद्यार्थी इतकी वर्षं बोलत आले ते तुमच्या पाठीमागे. होस्टेलच्या मेसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानासमोर, निकालाच्या दिवशी जिन्यात. मग एक मत चारचौघांत मांडलं गेलं तर काय हरकत आहे?

ती मतं तुमच्या कानावर आली असतीलच. प्रवेश घेतल्या घेतल्या आमच्या सीनियर ताईंनी बजावलं होतं, "बाकी सगळे पेपर निघतात. मेटाबोलिझम मॅडमकडे असेल तर काही खरं नाही बापा." मेटाबोलिझम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांचा पेपर. नोट्स देत नाहीत, पीपीटी देत नाहीत, फळ्यावर लिहितात आणि आपण उतरवायच्या आत पुसतात. गेल्या पाच वर्षांचे पेपर सोडवून उपयोग नाही, कारण प्रश्न परत येतच नाहीत. मध्येच विषय सोडून गोष्टी सांगतात. आणि आमच्या बॅचमधल्या एका मुलाचं वाक्य तर विभागभर झालं होतं: "ग्लायकोलिसिसच्या दहाच्या दहा पायऱ्या पाठ करून गेलो, तर बाईंनी विचारलं की आर्सेनेट घातलं तर निव्वळ एटीपी किती मिळतील!"

ग्लायकोलिसिस म्हणजे पेशीत साखर टप्प्याटप्प्याने फुटणं, आणि एटीपी म्हणजे त्यातून मिळणारं ऊर्जेचं चलन. उत्तर शून्य. आर्सेनेट फॉस्फेटची जागा घेतं, जो पदार्थ तयार होतो तो आपोआप फुटतो, गाडी पुढे जाते पण त्या पायरीवर मिळायचे दोन एटीपी मिळत नाहीत. सुरुवातीला दोन खर्च झालेलेच असतात, ते शेवटी मिळणाऱ्या दोनांत फिटतात. आज हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पेपरात लिहिलं होतं की नाही, ते तुमच्या दप्तरात असेल.

यातली काही मतं खरी होती, हे आभाराच्या पत्रातही सांगायला हवं. तुमचा वेग फार होता. मागच्या दोन बाकांवर पंख्याच्या आवाजात तुमचं निम्मं बोलणं पोचत नसे. उत्तराची दिशा बरोबर आणि शेवट चुकला तर तुम्ही गुण द्यायला हात आखडता घ्यायचात, ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. बारावीपर्यंत मराठीत विचार करून आलेल्या आमच्यासारख्या मुलामुलींना तर पहिलं सत्र नुसतं धापा टाकण्यात गेलं.

पण नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीसाठी आमच्याकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतले, तेव्हाचा तुमचा तास मी विसरलेली नाही. फॉर्मवर नावं नव्हती, म्हणून मुलांनी हात मोकळे सोडून लिहिलं होतं. इतर ठिकाणी ते गठ्ठे फायलीत जातात आणि तिथेच राहतात. तुम्ही आमच्या वर्गाचा गठ्ठा घेऊन आलात आणि एकेक वाचायला लागलात, मोठ्याने, चष्मा नाकावर ओढून. "मॅडम स्वतःसाठी शिकवतात." "अक्षर कळत नाही." "मराठीत सांगितलं तर जीव जाईल का?" वर्गात कुणी कुणाकडे बघेना. शेवटच्यावर तुम्ही हसलात, आणि तो तास उरलेला पूर्ण मराठीत घेतलात. पुढेही अवघड भाग आधी मराठीत, मग इंग्रजीत. बाक पुढे ओढायला लावले. फळा पुसण्याआधी "झालं का?" विचारायला लागलात. नोट्सचं मात्र तुम्ही सरळ सांगितलंत: मिळणार नाहीत, ग्रंथालयात पुस्तकं आहेत, ती तुमच्यासाठीच आणलीत.

तुमच्या "गोष्टीं"बद्दलही बोलते. कमला सोहोनींचं नाव मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलेली मराठी मुलगी, मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारलेला. ती हटली नाही म्हणून आत घेतलं, पण पहिलं वर्ष अटींवर. पुढे केंब्रिजला वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करून 1939 मध्ये डॉक्टरेट, आणि परत येऊन नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन. इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन (पेशीत ऊर्जा तयार करणारी साखळी) शिकवताना सायटोक्रोम सी चा बाण काढलात आणि तिथेच खडू ठेवून हे सांगितलंत. मुलं म्हणाली, विषय सोडला. आमच्या बाकावरच्या मुलींपैकी कुणी तसं म्हटलं नाही.

आता खऱ्या कारणाकडे येते.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, हा पाठ्यपुस्तकातला धडा नाही. हातपाय दुखून रडणारी पोरं, वारंवार रक्त चढवायला नेलेला शेजारचा मुलगा, लग्न जुळवताना दबक्या आवाजात होणारी विचारपूस, असा तो आम्हाला माहीत होता. तुमच्या हिमोग्लोबिनच्या प्रॅक्टिकलला वैद्यकीय महाविद्यालयातून आणलेले तीन नमुने होते, नाव नाही, नुसते आकडे. सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी, 8.6 पीएचचं बफर, आणि त्यातून सोडलेली वीज. हिमोग्लोबिन मुळातच लाल, त्यामुळे रंग देण्याआधीच पट्टीवरच्या रेघा फिकट दिसायला लागल्या. पहिला नमुना पुढे पळाला, दुसरा मागे राहिला, तिसऱ्याचे दोन तुकडे झाले. आम्ही लगेच जर्नल उघडून "निरीक्षण" लिहायला लागलो. तुम्ही माझं जर्नल बंद केलंत. "मागे का राहिला ते सांग, मग लिही."

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं, सिकलसेलमध्ये त्यातलं सहावं बदललेलं. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. हे मला पाठ होतं. तुम्ही विचारत राहिलात. ग्लुटामिक ॲसिडवर त्या पीएचला भार कोणता? ऋण. व्हॅलीनवर? नाही. एका हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या किती? दोन. मग एकूण किती ऋण भार गेले? मग धन टोकाकडे कोण सावकाश जाणार? तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच उत्तर देऊन बसलेय. तिसरा नमुना कुणाचा, हे मग विचारावं लागलं नाही. दोन्ही रेघा असलेला तो वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेला. आमच्या गावात असे कितीजण असतील, हा विचार करत मी त्या दिवशी बस पकडली.

आज मी एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते, बहुतेक नमुने सिकलसेलचेच. शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात: डायथायोनाइट घातलेल्या द्रावणात रक्ताचा थेंब, आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात की गढूळपणात बुडतात ते बघायचं. गढूळ आलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक करत नाही, तो इलेक्ट्रोफोरेसिस (तीच पट्टीवरची चाचणी) किंवा एचपीएलसी या यंत्रावरच्या तपासणीनेच कळतो, हे मी दर शिबिरात समजावून सांगते. एकदा काही महिन्यांच्या बाळाचा अहवाल निगेटिव्ह म्हणून निघणार होता. आई-वडील दोघेही वाहक. मी तो थांबवला, कारण तान्ह्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि सिकलचं अजून कमी. त्या वयात सोल्युबिलिटीच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. नमुना एचपीएलसीला पाठवला. काय निघालं ते इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. पण गर्भातल्या हिमोग्लोबिनमधल्या गॅमा साखळीची जागा बीटा कधी घेते, याचा आलेख तुम्ही फळ्यावर दोनदा काढायला लावला होतात, आणि तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो.

आणखी एक. रक्तातली साखर तपासायला राखाडी टोपणाची नळी वापरतात, त्यात सोडियम फ्लोराइड असतं, तांबड्या पेशींनी साखर खाऊ नये म्हणून. तुमचा प्रश्न होता: फ्लोराइड असूनही पहिला तासभर साखर उतरत का राहते? वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी प्रश्नच चुकलाय असं ठरवून सोडून दिला होता. फ्लोराइड अडवतं एनोलेज या एन्झाइमला, म्हणजे ग्लायकोलिसिसच्या नवव्या पायरीला. वरच्या पायऱ्या चालू असतात आणि पहिल्या पायरीचं एन्झाइम हेक्झोकायनेज ग्लुकोज ओढतच राहतं. म्हणून आमच्याकडे नळी आली की फ्लोराइड आहे म्हणून कुणी ती टेबलावर निवांत ठेवत नाही. नवीन येणाऱ्या टेक्निशियनला मी तुमचाच प्रश्न विचारते. तीही आधी वैतागते.

तुमची पद्धत सगळ्यांना मानवली, असं मी म्हणणार नाही. आमच्यातले दोघे-तिघे त्या पेपरला अडकले आणि त्यांचं वर्ष गेलं. त्यांच्यातली एकजण अजून तुमचं नाव काढलं की गप्प होते. तिला नोट्स मिळाल्या असत्या तर ती सुटली असती, हे मला खोटं म्हणता येत नाही. तिचं मत तिच्याजवळ, माझं हे.

एक मागणं आहे. तुमच्या इतक्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कपाटाच्या खालच्या खणात आहेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच. खोली रिकामी करताना त्या रद्दीत घालू नका. मी दिवाळीच्या सुट्टीत येते, झेरॉक्स काढून मूळ प्रती विभागात ठेवते. उत्तरं तुम्ही कुठे लिहून ठेवली असतील तर ती मात्र देऊ नका.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, काका म्हणत होते.

आपली विद्यार्थिनी
(खिडकीजवळचा तिसरा बाक)