गाडीबद्दल, बुकिंगच्या आधी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘तेवढ्याच पैशात चांगली उंच गाडी येते, मग खाली बसायची हौस कशाला?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, म्हणजे डिकीवाली बुटकी सेडान, आपल्या चाकणलाच बनते. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १५० पीएस, ओढ (टॉर्क) २५० न्यूटन मीटर. आकडे सोडा. खंबाटकी चढताना पुढे उसाची ट्रॉली आली की तुम्ही एसी बंद करून, तिसरा टाकून जीव मुठीत धरून ओव्हरटेक करता ना? इथे पाय जरा दाबला की झालं. वळणावर गाडी फारशी झुकत नाही, आणि आईला घाटात मळमळतं ते निम्मं त्या झुकण्यानेच. शिवाय डिकी ५२१ लिटरची; वाईहून निघताना आई जे जे भरते ते सगळं मावेल. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत ५ तारे आहेत. माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात वरचा.

आता खोट. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, १७९ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. सगळे बसलो, सामान भरलं की आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिरकीच काढावी लागेल. मागे पाय ठेवायच्या जागी मधोमध उंचवटा आहे, आत्या तिथे बसली तर वाईपर्यंत ऐकवेल. ऑटोमॅटिकमध्ये डीएसजी गिअरबॉक्स येतो; त्याचे दोन क्लच कोरडे (ड्राय), तेलात न बुडलेले. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत तो तापतो आणि वॉरंटीनंतर दुरुस्तीचा खर्च झेपणारा नाही. म्हणून मी सहा गिअरची मॅन्युअल बघतेय. तुमचाही ऑटोमॅटिकवर विश्वास नाहीच.

खरी अडचण आईचा गुडघा. सीट खाली आहे. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे; उतरताना सगळा भार गुडघ्यावर. मला काही वाटलं नाही, पण माझं वय वेगळं.

टोकन दिलेलं नाही. येत्या रविवारी दोघं या. आई, नेहमीची साडी नेसून ये आणि मागच्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतर करून बघ. त्रास झाला तर तोंडावर सांग, भीड नको; मग मी उंच गाड्या बघायला लागेन. बाबा, लायसन्स आणा, टेस्ट ड्राइव्ह तुम्हीही घ्यायची आहे.

तुमची,
मनू