चारी कोणाची फोडली?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सगळ्यांसमोर मी तुला 'स्वार्थी' म्हणालो. तू काहीच न बोलता फोन ठेवलास. तेव्हापासून तो शब्द माझ्याच घशात अडकलाय.

तू एवढंच सांगितलं होतंस, की पुढची दोन वर्षं पगारातून शिक्षणाची फी भरायची आहे, घराच्या स्लॅबला पैसे देता येणार नाहीत.

काल संध्याकाळी पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर जाऊन बसलो. लहानपणी तू विचारायचीस, आपलं शेत असं तुकड्यातुकड्यांत का? आपल्याकडची फड पद्धत 300 वर्षांहून जुनी. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि बहुतेकांचा वाटा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की गावानं ठरवायचं, यंदा अमुक फड भिजणार नाही. मग तोटा सगळ्यांनाच थोडा थोडा. तुझे आजोबा आपल्या पाण्याच्या पाळीसाठी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी कडाकडा भांडायचे. वाफा कोरडा राहिला तर रात्री जेवायचे नाहीत. तरी त्यांना गावात कोणी स्वार्थी म्हटलं नाही. पाळी त्यांचीच होती.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकानं रात्री चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा पाट, फोडली. सकाळी तुझ्या आजोबांबरोबर गेलो, तर ओल्या मातीत फावड्याचे घाव आणि अनवाणी पावलं तशीच उमटलेली. त्याच्या उसात घोटाभर पाणी, खालच्या वाफ्यांना भेगा. पंचांपुढे तो म्हणाला, "लेकरांसाठी केलं." खोटं नव्हतं ते. पण खाली ज्यांचं पीक वाळलं, त्यांनाही लेकरं होती.

मग स्वतःला विचारलं, ताईनं कोणाची चारी फोडली? तुझ्या पाळीचं पाणी तू तुझ्या वाफ्याला घेतलंस. फावडं घेऊन निघालो होतो तो मी. मला स्लॅब हवा होता, भाऊबंदांत मान हवा होता, आणि त्याला मी 'घरासाठी' म्हणत होतो.

तुझी आई सगळ्यांना वाढून मग उरलेली गार कळण्याची भाकरी खायची, आणि आम्ही तिचं कौतुक करायचो. तिच्या ताटात गरम भाकरी कोणी टाकली नाही, मीसुद्धा नाही. तुझ्याकडूनही तेच मागत होतो. हे तोंडानं मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

उद्या भाऊ आजारी पडला आणि तू फोन उचलला नाहीस, तर मी रागावेनच. पण तसं तू कधी केलं नाहीस. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला रात्रभर एसटीत बसून आली होतीस. परवा ते मला आठवलं नाही.

स्लॅबचं कपाशी विकल्यावर बघू. पत्रे अजून दोन पावसाळे काढतील. फी वेळेवर भर. आखाजीला सुट्टी मिळाली तर ये, निंबावरच्या झोक्याला नवा दोर आणलाय.

तुझा,
अप्पा