माननीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: रक्त गेलेल्या पेशंटला आधी ऊब द्या

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार. मी इमर्जन्सीत नर्स आहे. हार्ट बंद पडलेल्याला थंड करून मेंदू वाचवतात हे आता पुष्कळांनी ऐकलंय, त्यामुळे अपघातात रक्त जाऊन हार्ट थांबलं तरी तेच करायचं असं लोक धरून चालतात. कृपा करून हे दोन्ही एकाच नियमात बसवू नका.

शरीर ३२ ते ३४ डिग्रीपर्यंत थंड करायची पद्धत ज्या २००२ च्या अभ्यासांवरून आली त्यातले पेशंट रक्तस्रावाचे नव्हते, आणि २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ३३ डिग्रीवर ठेवणं आणि नुसता ताप येऊ न देणं यात जगण्याचा फरकच दिसला नाही.

रक्त गेलेला माणूस आमच्याकडे येतो तोच गार असतो. कपडे भिजलेले, हात लावला तर फरशीसारखा. एकाला आम्ही घाईत फ्रिजमधलं रक्त तसंच चढवलं, ते २ ते ६ डिग्रीला ठेवलेलं असतं, रक्त गरम करायचा वॉर्मर एकच आणि तोही दुसरीकडे अडकलेला, तर सुई टोचलेल्या जागेतूनसुद्धा रक्त झिरपायला लागलं, गॉज बदलतेय बदलतेय आणि थांबतच नाही. शरीर गार पडलं की रक्त गोठत नाही, गोठलं नाही की आणखी जातं, त्यात अ‍ॅसिड वाढतं. अपघाताच्या जखमा बघणारे ट्रॉमावाले याला मरणाचं त्रिकूट म्हणतात ते उगाच नाही.

मग गारवा कुठेच नको का? तसंही नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. सॅम्युअल टिशरमन यांची टीम महाधमनीतून बर्फासारखं सलाईन सोडून शरीर १० ते १५ डिग्रीपर्यंत खाली नेते, तेवढ्यात सर्जन जखम शिवतात, मग हार्ट-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या बायपास मशीनवर हळूहळू गरम करतात. पण तो प्रयोग आहे, बाकी सगळं करूनही हार्ट चालू न झालेल्यांवरच, ऑपरेशनची टीम आणि मशीन तयार असताना. बेशुद्ध पेशंटची संमती घेता येत नाही म्हणून तिथे आधी लोकांना विचारलं, नको असेल त्याला बाहेर राहायची सोयही ठेवली. आपल्याला करायचं तर एवढं सगळं करूनच करा.

तोवर प्रत्येक ट्रॉमा बेडला ब्लड वॉर्मर, गरम ब्लँकेट आणि हाताशी रक्त द्या. आणि प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहा, रक्तस्राव थांबेपर्यंत या पेशंटला मुद्दाम थंड करायचं नाही. रात्री दोनला ड्युटीवर नवीन पोरगी एकटी असते, तिला हे कागदावर दिसलं पाहिजे.

आपली,
इमर्जन्सीतली एक नर्स