विजेवरच्या ब्रूइंग किटलीच्या (बिअर बनवण्याच्या भांड्याच्या) स्वच्छतेबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सामायिक किटली वापराच्या दिवशीच स्वच्छ करावी. कारण हीटिंग कॉइलवर बसलेला साखरेचा व प्रथिनांचा थर तसाच वाळला, की पुढच्या वेळी तो करपतो आणि बिअरला जळका वास येतो. त्यासाठी सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी स्वच्छता पावडर) विरघळवून ते पंपातूनही अर्धा तास फिरवावे व नंतर किटली दोनदा विसळावी. पुण्यातील बोअरच्या जड पाण्याने धरलेले क्षार सायट्रिक ॲसिडने निघतात. तारेची घासणी आणि ब्लीच मात्र स्टील खराब करतात (हे आपण एकदा अनुभवले आहेच). धुण्यापूर्वी प्लग काढावा. पावसाळ्यात झाकण उघडे ठेवूनच किटली वाळवावी.